संगणकातील भांडार आणि त्याची राखण

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून संस्थानकाळात बांधलेला कळंबा तलाव आहे. या तलावाने शहराची आणि कळंबा गावाची तहान पिढ्यान्‌पिढ्या भागविली. पुढे शहराला नद्यांवरील योजनांचे पाणी मिळू लागले, तरी त्या तलावामागील विचार जुना झालेला नाही. प्रत्येक घराने आपापल्या सोयीने मिळेल त्या ओढ्यावरून घागर भरून आणण्याऐवजी पाणी एका ठिकाणी साठवावे, तेथेच ते शुद्ध करावे, तपासावे आणि मग नळाने घरोघर पोहोचवावे, असा तो विचार आहे. अशा व्यवस्थेत तलावाची राखण नीट झाली तर सर्वांचेच भले होते. पाणलोटात घाण शिरली तर सर्वांचेच आरोग्य धोक्यात येते.

संगणकाच्या क्षेत्रात हाच विचार ज्या पद्धतीने अमलात आला, तिला 'पॅकेज व्यवस्थापन' असे म्हणतात. लिनक्स या मुक्त स्रोत कार्यप्रणालीचा ती कणा होय. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा कार्यालयात लिनक्स प्रथमच वापरू लागलेल्या व्यक्तीची अडचण बहुधा येथेच होते. पडदा, खिडक्या, माउस या गोष्टींची सवय चार दिवसांत होते. परंतु 'नवे सॉफ्टवेअर आणावयाचे कोठून व बसवावयाचे कसे' हा प्रश्न सुटेपर्यंत मनातील धास्ती जात नाही. ती दूर व्हावी यासाठी या व्यवस्थेची ओळख येथे करून देण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न आजच का?

अनेक शाळांत व कार्यालयांत काही वर्षांपूर्वी घेतलेले संगणक आजही चालू स्थितीत आहेत. त्यांतील बऱ्याच यंत्रांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. तिच्यासाठीची नेहमीची नि:शुल्क सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली; त्यानंतर काही काळापुरती मुदतवाढीची वेगळी योजना ठेवण्यात आली. पुढील आवृत्तीसाठी लागणाऱ्या यंत्रणेच्या अटी अनेक जुन्या संगणकांना पुऱ्या करता येत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही ते असुरक्षित ठरण्याची वेळ आली आहे. ते मोडीत काढावयाचे, तसेच धोका पत्करून वापरावयाचे की त्यावर लिनक्स बसवून त्याचे आयुष्य वाढवावयाचे, हा निर्णय आज अनेक मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतींना घ्यावा लागत आहे.

लिनक्स ही परकी किंवा अप्रस्तुत वस्तू आहे असे समजण्याचे कारण नाही. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजासाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने 'बॉस', म्हणजे 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स', ही कार्यप्रणाली तयार केली असून ती डेबियन या लिनक्स-वितरणावर आधारलेली आहे. जगभर वापरात असलेले उबुंटूही डेबियनवरच उभे आहे. त्यामुळे डेबियनची पॅकेज व्यवस्था एकदा समजली की या सर्व प्रणालींत ती उपयोगी पडते.

पॅकेज म्हणजे काय?

पॅकेज म्हणजे एखादे सॉफ्टवेअर चालण्यास लागणाऱ्या सर्व फायलींचा बांधलेला गठ्ठा. त्यात मूळ कार्यक्रम असतोच. शिवाय कोणती फाइल संगणकात कोठे ठेवावयाची, हे सॉफ्टवेअर आणखी कशाकशावर अवलंबून आहे, त्याची आवृत्ती कोणती आणि त्याची देखभाल कोण करते, ही माहितीही असते. या माहितीच्या आधारे 'पॅकेज व्यवस्थापक' नावाचा कार्यक्रम तो गठ्ठा सोडतो, वस्तू जागच्या जागी लावतो आणि प्रत्येक वस्तूची नोंद ठेवतो.

ही नोंद फार महत्त्वाची आहे. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत डेड स्टॉक रजिस्टर असते. कोणते कपाट केव्हा आले, कोठे ठेवले, केव्हा निर्लेखित झाले हे त्यावरून कळते. रजिस्टरात न चढविता कोणी परस्पर कपाट आणून ठेवले, तर तपासणीच्या दिवशी त्याचा हिशेब लागत नाही. पॅकेज व्यवस्थापकाजवळ संगणकाचे असेच रजिस्टर असते. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच ते पॅकेज काढून टाकावयाचे झाल्यास तो त्यातील फायली नेमक्या उचलतो व दुसऱ्याच्या वस्तूस हात लावीत नाही.

डेबियन प्रकल्प १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केला. त्यातील 'डीपीकेजी' हे साधन एक-एक गठ्ठा बसविण्याचे काम करते. भांडारातून हवा तो गठ्ठा शोधून, त्याच्या सोबतीचे गठ्ठेही आणून देणारे 'ॲप्ट' हे साधन १९९९ मध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर आले. नवख्या वापरकर्त्याचा संबंध मुख्यत: या 'ॲप्ट'शीच येतो.

भांडार आणि त्याची मोहोर

ही पॅकेजे जेथे साठविलेली असतात त्यास 'भांडार' म्हणावे. डेबियनची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या भांडारात ६९,८३० पॅकेजे होती. लेखनाची, हिशेबाची, चित्रकलेची, गणिताची, नकाशांची, लहान मुलांच्या शिक्षणाची अशी नाना प्रकारची साधने त्यांत आहेत. ही सर्व विनामूल्य मिळतात आणि त्यांचा मूळ स्रोत पाहण्याची मुभा असते.

परंतु भांडार मोठे असण्यापेक्षा ते विश्वासार्ह असणे महत्त्वाचे. शेतकरी बियाणे घेताना पिशवीवरील बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा निळा टॅग पाहतो. पिशवी कोणत्या दुकानातून घेतली यापेक्षा टॅग खरा आहे का आणि पिशवीची शिवण शाबूत आहे का, यावर त्याचा भरवसा असतो. भांडाराची रीत अशीच आहे. भांडाराच्या मुख्य सूचीवर वितरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या सूचीवरून प्रत्येक पॅकेजचा पडताळणी-अंक मिळतो. पॅकेज आपल्या संगणकावर उतरल्यावर व्यवस्थापक तो अंक पुन्हा काढून पाहतो. वाटेत एका अक्षराचाही फरक झाला असेल, तर अंक जुळत नाही आणि पॅकेज नाकारले जाते. म्हणून त्याच भांडाराच्या प्रती जगात अनेक ठिकाणी ठेवल्या, तरी आपल्याकडे येणारा माल मूळचाच आहे याची खात्री पटते.

ही तपासणी आपोआप होते. मात्र आपण भांडाराबाहेरून, कोणत्या तरी संकेतस्थळावरून, एखादी फाइल उतरवून घेतली की ही मोहोर पाहणारे कोणी उरत नाही.

अवलंबनाची साखळी

नवख्या माणसास चकित करणारी गोष्ट ही की, एक पॅकेज मागितले असता व्यवस्थापक दहा-वीस पॅकेजे आणू लागतो. यात काही चुकले आहे असे नव्हे. उदाहरणार्थ, प्राथमिक शाळांसाठी 'जीकॉम्प्री' नावाचा खेळांतून शिक्षण देणारा संच आहे. त्यास पडद्यावर चित्रे काढणारी, आवाज ऐकविणारी अशी अनेक सामायिक साधने लागतात. ती प्रत्येक कार्यक्रमाने स्वत:बरोबर वेगळी आणण्याऐवजी एकदाच बसवावीत आणि सर्वांनी वापरावीत, अशी लिनक्सची रीत आहे. गावात प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र मळणीयंत्र घेण्याऐवजी एकच यंत्र सर्वांनी वापरावे, तसे हे आहे.

यात काटकसर तर आहेच. पण सुरक्षिततेच्या दृष्टीनेही लाभ आहे. सामायिक साधनात एखादा दोष आढळला तर ते एकच पॅकेज दुरुस्त केले की त्यावर अवलंबून असलेले सर्व कार्यक्रम सुधारतात. उलट, या साखळीतील एक कडी निखळली तर अनेक कार्यक्रम अडतात. म्हणून साखळी जोडण्याचे काम व्यवस्थापकावर सोपवावे आणि आपण मध्ये हात घालू नये, हे बरे.

नेहमीच्या चार क्रिया

पॅकेज हाताळण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे 'सिनॅप्टिक'सारखा चित्ररूप कार्यक्रम. त्यात नाव शोधावे, खूण करावी आणि 'लागू करा' म्हणावे. दुसरा मार्ग टर्मिनलमध्ये आज्ञा लिहिण्याचा. प्रत्यक्ष आज्ञा रोमन लिपीत लिहावयाच्या असतात. व्यवस्थेत बदल करणाऱ्या आज्ञेपूर्वी 'सुडो' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'प्रशासकाच्या अधिकाराने' असा समजावा.

पहिली क्रिया 'ॲप्ट अपडेट'. हिच्यामुळे एकही सॉफ्टवेअर बदलत नाही. केवळ भांडारात आज काय उपलब्ध आहे याची यादी ताजी होते. येथे नवख्यांचा गैरसमज फार होतो. यादी आणली म्हणजे माल आला, असे नव्हे.

दुसरी क्रिया 'ॲप्ट अपग्रेड'. ताज्या यादीप्रमाणे, बसविलेल्या पॅकेजांच्या सुधारलेल्या आवृत्त्या हिच्यामुळे येतात. सुरक्षा-दुरुस्त्या याच मार्गाने मिळत असल्याने आठवड्यातून एकदा तरी या दोन्ही क्रिया याच क्रमाने कराव्यात.

तिसरी क्रिया 'ॲप्ट इन्स्टॉल' व त्यापुढे पॅकेजचे नाव. मराठी मजकूर नीट दिसण्यासाठी लोहित देवनागरी हा टंक हवा असल्यास त्याचे पॅकेज भांडारात आहे. लिब्रेऑफिसमधील सूचना मराठीतून हव्या असल्यास त्याचेही स्वतंत्र पॅकेज आहे. नेमके नाव ठाऊक नसेल तर 'ॲप्ट सर्च' या आज्ञेने शोधता येते आणि 'ॲप्ट शो' या आज्ञेने त्याची माहिती वाचता येते.

चौथी क्रिया काढून टाकण्याची. 'रिमूव्ह' म्हटल्यास कार्यक्रम जातो, परंतु त्याची व्यवस्थेतील मांडणी-फाइल राहते. 'पर्ज' म्हटल्यास तीही जाते. एखाद्या पॅकेजसोबत आलेली आणि आता कोणासही न लागणारी साधने 'ऑटोरिमूव्ह'ने काढता येतात. या सर्व व्यवहारांची तारीखवार नोंद संगणकात राहते. त्यामुळे काल काय बदलले याचा शोध घेता येतो.

चुका कोठे होतात?

पहिली चूक म्हणजे वाचल्याविना होकार देणे. कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी व्यवस्थापक काय येणार व काय जाणार याची यादी दाखवितो आणि संमती मागतो. ही यादी म्हणजे ठरावाचा मसुदा होय. तो वाचल्याशिवाय सही करू नये. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध चित्रफीत-निर्मात्याने पॉप ओएस या लिनक्स-वितरणावर 'स्टीम' हा खेळांचा कार्यक्रम बसविण्याचा प्रयत्न केला. पॅकेजांच्या अवलंबनात त्या वेळी दोष होता. आवश्यक पॅकेजे काढली जाणार असल्याचा इशारा पडद्यावर आला होता. तरीही त्याने सांगितलेले संमतीचे वाक्य टंकलिखित केले आणि संगणकाचा संपूर्ण दर्शनी पडदाच नाहीसा झाला. दोष भांडाराकडे होता हे खरे. परंतु यादी वाचली असती तर हानी टळली असती. या प्रसंगानंतर 'ॲप्ट'मध्येही अशा संमतीविरुद्ध अधिक कडक बंदोबस्त करण्यात आला.

दुसरी चूक भांडाराबाहेरचा माल आणण्याची. कोणी सांगितले म्हणून अनोळखी भांडाराचा पत्ता आपल्या यादीत घालणे, किंवा डेबियनमध्ये उबुंटूचे भांडार मिसळणे, यामुळे आवृत्त्यांचा मेळ बसत नाही आणि साखळी तुटते. बाहेरची फाइल घेणे अपरिहार्यच असेल, उदाहरणार्थ छपाईयंत्राच्या उत्पादकाने दिलेली, तर ती त्याच्या अधिकृत ठिकाणाहून घ्यावी आणि ती 'ॲप्ट'च्याच हातून बसवावी, म्हणजे तिची नोंद राहते व तिला लागणारी पॅकेजेही येतात.

तिसरी चूक काम मध्येच तोडण्याची. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली किंवा कोणी घाईने यंत्र बंद केले, तर काही पॅकेजे अर्धवट बसलेली राहतात. म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी आणि शक्य असल्यास यूपीएसवर काम करावे. तरीही असे झाल्यास घाबरू नये. पुढच्या वेळी व्यवस्थापक स्वत:च अर्धवट कामाची सूचना देतो आणि ते पुरे करण्याची आज्ञाही बहुधा त्या संदेशातच लिहिलेली असते. त्याचप्रमाणे 'कुलूप मिळत नाही' असा संदेश आल्यास दुसरे एखादे अद्ययावतीकरण आधीच चालू आहे असे समजून थांबावे. रजिस्टरात एका वेळी एकानेच लिहावे यासाठी ते कुलूप आहे; ते फोडू नये.

चौथी चूक वेळेची. किरकोळ दुरुस्त्या नियमित घ्याव्यात; परंतु एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याचे काम मार्चअखेरच्या हिशेबात किंवा परीक्षेच्या आठवड्यात काढू नये. त्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवणे हे ओघानेच आले.

राखण माणसांचीच

एवढी व्यवस्था असूनही भांडार नि:शंक झाले, असे म्हणता येणार नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक गंभीर बाब उघडकीस आणली. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक शंकेवरून त्याने शोध घेतला. तेव्हा 'एक्सझेड' या फायली आवळण्याच्या साधनात, त्याच्या देखभालीत शिरकाव केलेल्या व्यक्तीने चोरवाट ठेवली असल्याचे आढळले. तिच्यावर मोहोर होती, कारण पाणलोटातच घाण मिसळली होती. सुदैवाने ती पॅकेजे डेबियनच्या चाचणीतील भांडारापर्यंतच पोहोचली होती. सर्वसाधारण वापराच्या स्थिर आवृत्तीत ती आलेली नव्हती.

या घटनेतून दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. नव्याचा हव्यास न धरता कार्यालयीन संगणकावर स्थिर आवृत्तीच ठेवावी, ही पहिली. आणि स्रोत खुला असल्यामुळेच एका जागरूक माणसाला मुळापर्यंत जाता आले, ही दुसरी.

गावपातळीवर काय करता येईल?

या विषयाचे शिक्षण मराठीतून उपलब्ध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने व केंद्र शासनाच्या साहाय्याने उभा राहिला. त्यात सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ असून ऐकता ऐकता शेजारी स्वत: तीच कृती करावी, अशी त्याची रचना आहे. लिनक्सच्या मालिकेत सिनॅप्टिक पॅकेज व्यवस्थापकावर स्वतंत्र पाठ आहे. हे पाठ विनामूल्य आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'कोपा' या संगणक-अभ्यासक्रमातही लिनक्सचा परिचय करून दिला जातो. कळंबा रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. जवळपासच्या शाळांनी व ग्रामपंचायतींनी तेथील शिक्षकांचा सल्ला घेण्यास हरकत नसावी.

सुरुवात एका संगणकापासून करावी. बसविण्यापूर्वी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून छपाईयंत्र, इंटरनेट आणि मराठी टंकलेखन चालते का, ते पाहावे. काही शासकीय कामांस लागणारे सॉफ्टवेअर किंवा डिजिटल स्वाक्षरीची साधने विशिष्ट कार्यप्रणालीवरच चालतात. अशा कामाचा संगणक खात्री होईपर्यंत बदलू नये. फार जुन्या, ३२ बिटांच्या यंत्रांना डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत नियमित आधार राहिलेला नाही, हेही आधी तपासावे.

संगणकाची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी आणि तिच्या जागी काम करू शकेल अशी दुसरी व्यक्ती तयार ठेवावी. प्रशासकाचा परवलीचा शब्द या दोघांपुरताच असावा. संगणकाशेजारी एक साधी वही ठेवून कोणत्या दिवशी अद्ययावतीकरण केले, कोणते पॅकेज बसविले व का, याची एका ओळीत नोंद करावी. यंत्र आपले रजिस्टर ठेवतेच. परंतु 'का' याचे उत्तर केवळ माणसाच्या वहीतच सापडते. बदली होऊन नवा शिक्षक किंवा ग्रामसेवक आला, तर त्याला ही वही पाहून पहिल्याच दिवशी काम सुरू करता येईल.

तलाव बांधून दिला म्हणजे पाणीपुरवठ्याचे काम संपत नाही. सांडवा, पाणलोट आणि नळ यांवर लक्ष ठेवणारी माणसे लागतात. मुक्त प्रणालीचे भांडार जगभरातील लोकांनी भरून ठेवले आहे. आपल्या गावातील संगणकापर्यंत ते स्वच्छ पोहोचावे, एवढी राखण मात्र आपली आपणच करावयाची आहे.